पाळण्याच्या दांडीला टांगलेला फोन

मित्रांनो, लाकडाला वय विचारू नये. विचारायचंच असेल तर माझ्या साखळ्या बघा. पितळेच्या कड्या मधोमध झिजून गव्हाच्या काडीएवढ्या बारीक झाल्या आहेत. पितळ उगाच झिजत नाही, पोरं झोपवून झोपवून झिजतं. मी पाळणा आहे. झाशीत ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत, मधुसूदनरावांच्या घरात, खालच्या खोलीत खिडकीपाशी मला उभा करून ठेवलाय. एकेकाळी माझ्याकडे यायला लोक चपला बाहेर काढायचे. आता माझ्या खांबाला ओले टॉवेल वाळत घालतात. असो. सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म गुरसरायचा. तिथे पूर्वी आपल्या मराठी लोकांची जहागीर होती, त्यामुळे तिथल्या सुतारांना आपल्या बायकांच्या तोंडाची सवय होती. मला घडवणारा बुंदेली बोलायचा आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून हुकूम सोडणारी बाई मराठी. ती म्हणायची, "दांडी आणखी जाड ठेव. आमची पोरं हलकी नसतात." तो आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटायचा आणि दांडी जाड ठेवायचा. दोन खांब, वर आडवी दांडी, दांडीला चार साखळ्या, साखळ्यांना मी. खुंट्या काढल्या की सगळा सुटा होतो आणि हातगाडीवर मावतो. हे मुद्दाम केलेलं होतं. कारण मी कोणा एका घरचा नव्हतो.

झाशीत आपली घरं ती किती. कारकुनाचं, भटजींचं, वकिलाचं, रेल्वेतल्याचं. ज्या घरी बाळ होईल त्या घरी मी जायचो. बाळ रांगायला लागलं, की पुढच्या घरून बोलावणं. रिकामा मला कधी कोणी धाडला नाही. माझ्यात ओंजळभर गहू आणि एक नारळ ठेवायचे, सासरी निघालेल्या मुलीसारखा निरोप द्यायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, मराठों का पालना जा रहा है, किसी के यहाँ खुशी है. मिरवणुकीचा मान होता मला.

आणि एक पद्धत होती. मला कोणी मुका झोका द्यायचा नाही. येताजाता ज्याचा हात लागेल त्याने झोक्याबरोबर बाळाशी दोन शब्द बोलायचे. आजोबा पूजेला निघाले, झोका दिला, म्हणाले, "काय साहेब, आज कचेरी नाही वाटतं?" काकू पीठ मळून आली, तशाच हातांनी झोका, "तुझ्या बापासारखा घोरतोस रे." बाळाला काय कळायचं? काही नाही. पण बोलून झालं की माणूस जरा थांबायचं, बाळ 'ऊं' करायचं, आणि माणूस त्या 'ऊं'ला उत्तर द्यायचं. "असं म्हणतोस? बरं." अशी दिवसभर वर्दळ. बाहेर गल्लीत हिंदी, दूधवाल्याची बुंदेली, आणि माझ्यात मराठी. दोन वर्षांची होईतो पोरं तिन्हींत भांडायची, आणि कोणाशी कशात भांडायचं हेही त्यांना ठाऊक असायचं.

अशा किती पोरांना मी मोठं केलं. पुढे मिशा फुटलेले बाप्ये पुण्याहून आले की मला हात लावून जायचे. मग येईनासे झाले. नोकऱ्या तिकडे, लग्नं तिकडे, बाळंतपणंही तिकडेच. झाशीत बाळ होणं दुर्मीळ झालं आणि शेवटचं बाळ ज्यांच्या घरी झालं, त्या हरिभाऊंच्या माळ्यावर मी गेलो. गणपतीचं मखर, फुटका हंडा आणि मी. मखराला निदान वर्षातून एकदा खाली उतरवत.

एके दिवशी खालून आवाज आला. तो आवाज मी ओळखला, कारण ती पोरगीही माझ्यातलीच होती. मधुसूदनरावांच्या इंदूबाई. शाळेत चौथीपुढे गेल्या नाहीत, पण त्यांच्यासमोर बोलताना वकीलसुद्धा शब्द जपून वापरायचे.

"हरिभाऊ, पाळणा उतरवा. हृषीकेशला मुलगी झाली."

"वहिनी, आता बाजारात बटन दाबलं की हलणारे मिळतात. हा कुठे नेताय?"

"बटन दाबलं की गप्प होणारी नात झाली असती तर तसला आणला असता. झाली ती माझ्यासारखी आहे. उतरवा."

हातगाडीवाल्याने खड्ड्यात चाक घातलं तेव्हा इंदूबाई त्याला म्हणाल्या, "धीरे चलाओ भैया, तुमसे बड़ा है, तुम्हारे बाप से भी बड़ा है." माझी मान ताठ झाली. चिंचेने माझं पितळ घासलं. कापडी राघू-मैना नव्या नाड्याने दांडीला टांगल्या. बारशाला भोपाळहून हृषीकेशची बहीण मेघना आली. आत्याच ना ती, नाव तिनेच ठेवायचं. बाळाला माझ्या वरून आणि खालून द्यायची वेळ आली तेव्हा बघतो तर बायकांचे हात वर. हातांत फोन. बाळ घ्यायला हात कोणाचाच मोकळा नाही. मेघनाने कानात 'आभा' सांगितलं, तर मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, एक बार और, ठीक से आया नहीं."

इंदूबाई म्हणाल्या, "पोरीचं नाव एकदाच ठेवतात. तुझ्या फोनात नीट आलं नाही म्हणून काय दुसरं ठेवू?"

सगळे हसले. मीही हललो. तेव्हा वाटलं होतं, या घरात इंदूबाई आहेत, इथे काही बिघडायचं नाही.

बिघडलं ते मायेने बिघडलं, मित्रांनो. वाईट मनाने कोणी काही केलं नाही. आभाची आई नीरजा अमरावतीची. तिच्या आईला नात बघायची असायची आणि झाशी काही जवळ नाही. म्हणून संध्याकाळी फोनवर दोघींची भेट व्हायची. फोन धरून हात दुखायचे. प्लॅस्टिकचा स्टँड आणला, तो कलंडायचा. मग इंदूबाईंनीच राघू-मैना बाजूला सरकवून त्यांच्या नाड्याने हृषीकेशचा जुना फोन माझ्या दांडीला बांधला. घट्ट, दुहेरी गाठ. "आता पडला तर मला सांगा," म्हणाल्या.

पडला नाही. अमरावतीची आजी बोलून झाली की फोन काढायचा कंटाळा यायचा. राहू दे, म्हणून कोणीतरी चित्रांची गाणी लावायचं. आभा टक लावून बघायची. गप्प. नीरजाची बँकेतली नोकरी परत सुरू झाली, हृषीकेश सकाळीच कारखान्याच्या बसने जायचा, आणि दिवसभर दोन म्हातारी माणसं घरात. पोर रडत नाही, पडत नाही, भात भरवला तर गिळते. यापेक्षा काय हवं? मला झोकासुद्धा लागेना. पूर्वी ती हलली की मी हलायचो. आता ती हलायचीच नाही. राघू-मैना खाली कुठेतरी गादीमागे गेल्या.

फोन बोलायचा खूप, हे खरं. माझ्या सगळ्या आयुष्यात जेवढं बोलणं ऐकलं नव्हतं तेवढं तो एका दुपारी बोलायचा. पण थांबायचा नाही. आभाने सुरुवातीला दोन-चारदा 'ऊं' केलं. उत्तर आलं नाही. पुढे तिने तेही सोडलं.

आणि मोठी माणसं? मधुसूदनराव रेल्वेतून निवृत्त. ते अनोळखी माणसांशी फोनवर लुडो खेळायचे, आणि मधल्या वेळात मोबाइलचे दुष्परिणाम सांगणारे संदेश सगळ्यांना पाठवायचे. इंदूबाई म्हणायच्या, "मोबाइल वाईट असतो हे यांना मोबाइलवर कळतं, आणि कळल्यावर ते मोबाइलवरच कळवतात." पण इंदूबाईंच्याही पदराखाली एक होता. त्या त्याच्यावर लोणचीपापड करून दाखवणाऱ्या बायका बघायच्या आणि त्यांना झापायच्या. "एवढं तेल? नवऱ्याला मारायचंय का?" ती बाई पुढे बोलत राहायची. इंदूबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच उलट न बोलणारं कोणी मिळालं होतं. सुख होतं त्यात.

आभा मोठी झाली. पाय माझ्या कडेवरून बाहेर लोंबायला लागले तरी ती माझ्यातच बसायची, कारण फोन माझ्या दांडीला. हाक मारली तर वळायची नाही. दूध घालायला येणारी फूला एकदा दारातून म्हणाली, "काए अम्मा, बिन्नू बोलत नइयां?" बिन्नू म्हणजे तिकडे लाडाची पोर.

इंदूबाई म्हणाल्या, "हमाई बिन्नू सोच कें बोलत."

"सोचत-सोचत तौ तीन साल की होन आई."

फूला गेली. इंदूबाईंनी दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू गेलं. त्यांच्या हातून दूध उतू गेलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्या रात्रीच्या जेवणात विषय निघाला. जेवायला सगळे माझ्या शेजारीच बसतात, कारण आभाला भरवायचं माझ्यात.

हृषीकेश म्हणाला, "हे कंपन्यांनीच बंद करायला पाहिजे. एवढ्या लहान मुलांसमोर फोन चालूच होता कामा नये."

"कंपनीवाला येईल हो दुपारी वरणभात भरवायला," इंदूबाई म्हणाल्या.

मधुसूदनराव म्हणाले, "सरकारने कायदा करावा. मी टाकलंय ग्रुपवर."

"झालं तर मग. सरकार बसलंच आहे तुमच्या ग्रुपवर."

नीरजा हळूच म्हणाली, "आई, दिवसभर तर तुम्हीच असता तिच्याजवळ."

"म्हणजे आलं माझ्यावर. पोर तुझी, फोन तुझ्या नवऱ्याचा आणि गुडघे माझे. तिघांत दुखतं काय, तर गुडघे."

"मी दोष नाही देत."

"देत नाहीस, नुसता पुढे ठेवतेस. उचलायचा मी."

मग सगळे जेवले. जेवताना चौघांचे चार फोन ताटाच्या उजव्या बाजूला होते, जिथे पूर्वी पाण्याचं भांडं असायचं.

डॉक्टरकडे नेलं. नीरजा परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज स्वच्छ होता. "कान चांगले आहेत. घसाही ठीक. ते म्हणाले, फोन पूर्ण बंद करा. तिचा बंद आणि तिच्यासमोर तुमचेही बंद. आणि दिवसभर तिच्याशी बोला. मी विचारलं, कोणत्या भाषेत? ते म्हणाले, जी तुमच्या तोंडात असेल तीत, पण बोला." 

मी लाकूड आहे म्हणून, नाहीतर टाळी दिली असती. हेच तर मी जन्मभर करत आलो.

पुढच्या रविवारी ठरलं. नाड्याची गाठ सुटेना, इंदूबाईंची गाठ ती. कात्रीने कापली. आभाने रिकाम्या दांडीकडे बघितलं आणि असा आक्रोश केला, की शेजारचे विचारायला आले. चौघं माझ्याभोवती बसली आणि एकदम बोलायला लागली, फलाटावर गाडी आल्यासारखी. नीरजाने रंग दाखवले. मधुसूदनरावांनी चिमणीचा आवाज काढला. हृषीकेश म्हणाला, "आभा, हा बघ पंखा. पंखा फिरतो." जरा वेळाने म्हणाला, "हा पंखा." मोठा अभियंता, कारखान्यात शंभर माणसांशी बोलतो, पण स्वतःच्या मुलीशी बोलायला त्याच्याकडे पंख्यापलीकडे काही नव्हतं. त्याला त्याचीच लाज वाटली असावी. कारखान्याचा फोन आला तसा तो उठून बाहेर गेला, आणि बोलणं संपल्यावरही बाहेरच राहिला. नीरजाच्या बँकेच्या ग्रुपवर काहीतरी तातडीचं आलं. मधुसूदनराव न्हाणीघरात गेले, आणि थोड्या वेळाने आतून फाशांचा खुळखुळाट ऐकू आला.

उरल्या इंदूबाई. आभा माझ्या खांबावर डोकं आपटत होती. इंदूबाई मध्ये हात घालायच्या, ती हाताला चावायची. त्यांनी कितीतरी वेळ काढला, हे मी सांगायलाच हवं. बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जास्त. मग त्यांनी कपाटातून फोन काढला.

"घे बाई. घे, पण गप्प हो."

ती गप्प झाली. घरही गप्प झालं. संध्याकाळी फोन परत दांडीला होता आणि कोणी बांधला, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या रविवारी पुन्हा बसावं लागलं असतं.

मग आली ती शाळेची गोष्ट. आभाला कोवळ्या पोरांच्या शाळेत घातलं होतं. तिथल्या बाईंनी नीरजाला थांबवून सांगितलं, "आप लोग घर में मराठी बोलते हैं ना? बाहर हिंदी, घर में मराठी. बच्ची कन्फ्यूज़ हो गई है. एक ही भाषा रखिए, देखिए कैसे बोलने लगेगी." बाई वाईट नव्हत्या. त्यांना तसं वाटत होतं आणि त्यांनी ते गोड बोलून सांगितलं.

नीरजाने घरी येऊन सांगितलं, आणि मित्रांनो, मी त्या चौघांचे चेहरे बघितले. कुलूप निघाल्यासारखे झाले. दुखण्याचं कारण सापडलं होतं आणि ते कोणाच्याही हातात नव्हतं. फोनात नव्हतं. ते तोंडात होतं, वाडवडिलांपासून आलेलं. एवढी पोरं तिन्ही भाषांत भांडताना मी पाहिली आहेत. पण पाळण्याला कोण विचारतं?

इंदूबाईंना मराठीचा केवढा अभिमान. कोणाच्या सुनेने 'पानी' म्हटलं तर "पाणी म्हण, घसा नाही झिजत," असं हळदीकुंकवात चारचौघींसमोर ऐकवणारी बाई ती. पण त्याच उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आजपासून या घरात मराठी बंद. पोरीच्या जिवापुढे भाषा मोठी नाही. मी बंद म्हटलं की बंद."

मधुसूदनराव म्हणाले, "अगं पण, मी रागवायचं कशात?"

"रागवू नका. तेवढाच पोरीच्या कानाला आराम."

आपण केवढा त्याग करतो आहोत, असं त्यांना वाटत होतं. होताच तो. फक्त चुकीच्या वस्तूचा.

मेघनाने भोपाळहून फोन केला. तो आभाच्या फोनवरच आला, चित्रांवर तिचं तोंड उगवलं आणि आभा किंचाळली.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते? फोन बंद करा. तुम्ही मराठी बंद केलीत?"

"मेघना, हिंदी में बोलो," इंदूबाई म्हणाल्या.

"आई, माझ्याशी हिंदी?"

"बच्ची सुन रही है."

मेघना म्हणाली, "अच्छा, आई. रखती हूँ." तिने फोन ठेवला, चित्रं परत आली आणि आभा शांत झाली. मायलेकींचं रोज होणारं भांडण त्या दिवसापासून थांबलं. आता त्या एकमेकींना खुशाली विचारतात.

त्यानंतर काय झालं, ते सांगतो. घरातली हिंदी काही वाईट नव्हती. सगळ्यांची जीभ तीत सराईत, बाजार तीतच, नोकरी तीतच. पण नवरा-बायकोचं चाळीस वर्षांचं खुसपट काढणं हिंदीत होईना. इंदूबाईंचे टोमणे हिंदीत आले की त्यांना 'जी' लागायचं आणि धार जायची. कामापुरतं बोलणं उरलं. चाय बन गई. दवाई ले ली? बिजली का बिल आया. आधी निदान भांडण तरी आभाच्या कानावर पडायचं. तेही गेलं. जेवढं घर गप्प, तेवढा फोन मोठ्याने. आणि शाळेतल्या बाईंनी सांगितलेला तो दिवस काही उजाडला नाही.

मध्येच एक बोलावणं आलं. लक्ष्मी गेटकडच्या तेजसला मुलगा झाला. तो स्वतः मला न्यायला आला होता, बरोबर नारळ घेऊन. मी साखळ्या सावरून बसलो. इंदूबाई म्हणाल्या, "नहीं बेटा, अभी नहीं दे सकती. हमारी वाली इसी में खाती है." तेजसने नारळ दाराशी ठेवला आणि गेला. पुढे कळलं, त्याने बटनवाला आणला. त्याला वर फोन अडकवायला चिमटा आधीपासूनच लावलेला असतो म्हणे. सोय.

आता शेवटचं सांगतो. जूनमधली दुपार होती. झाशीचा जून तुम्हाला माहीत नसेल, भिंतीला हात लावला तर भाजतो. सकाळपासून वीज गेलेली. इन्व्हर्टरने मान टाकली, मग दांडीवरच्या फोनने. मधुसूदनराव आपला फोन चार्ज करायला जनरेटरवाल्या दुकानात जाऊन बसले होते. घरात इंदूबाई आणि आभा.

आभा रडून रडून थकली. नुसते हुंदके राहिले. इंदूबाईंनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. आधी म्हणाल्या, "बेटा, चुप हो जाओ. लाइट आ जाएगी." स्टेशनवर दुसऱ्याच्या पोराला समजवावं तसं ते झालं. मग त्या थांबल्या. दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"आभे," त्या म्हणाल्या. "ए माझ्या सटवे, इकडे बघ की. किती छळशील म्हातारीला? तुझी आत्या अशीच होती, दिवसभर भोंगा. तुझा बाप मात्र खुळा, त्याला पेढा दाखवला की झालं. तू कोणावर गेलीस गं? माझ्यावर गेलीस ना? मग बोल की. मला शिव्या दे, थेरडे म्हण, काहीही म्हण. मी रागावणार नाही. खरंच सांगते, मी कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही, तुझं ऐकून घेईन."

मराठी धो धो येत होती. कितीतरी महिन्यांची साठलेली. आणि आभाने मान वर केली, मित्रांनो. ती आजीच्या तोंडाकडे बघायला लागली. ओठांकडे. माझ्या साखळ्या थरथरल्या. इंदूबाईंनाही ते कळलं. त्यांचा आवाज मऊ झाला, त्या आणखी पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "हां, अशी. बघ. मी तुझी आजी. म्हण बरं, आ... जी."

आभाने एक बोट उचललं. ते आजीच्या गालावर टेकवलं. आणि बाजूला सारलं, फोनवरचं नको असलेलं चित्र सारावं तसं.

इंदूबाईंचा चेहरा तिथेच होता. आभाने पुन्हा बोट टेकवलं आणि पुन्हा सारलं, या वेळी जोरात. नखाचा ओरखडा उठला. चेहरा का बदलत नाही, हे तिला कळत नव्हतं. ती रागावली नव्हती. वाट बघत होती, पुढचं कधी येतं याची.

त्या बाईने आयुष्यात कोणापुढे मान वळवली नव्हती. ना सासूपुढे, ना वकिलापुढे. तिने मान वळवली. पोरीने सारली त्या बाजूला, हळू, आणि तशीच ठेवली.

वीज संध्याकाळी आली. फोन चार्जरला कोणी लावला, ते मी सांगणार नाही. मराठीची बंदी कोणी उठवली नाही आणि कोणी पाळतही नाही. इंदूबाई आता दोन्हींतलं फारसं बोलत नाहीत. आभा गप्प आहे. मी इथेच आहे, टॉवेल अंगावर घेऊन.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला जपा, पॉलिश करा, असं काही मी मागत नाही. लाकडाचं काय, आज ना उद्या चुलीत. पण तुमच्या घरात कोणी लहान असेल, भाऊ, बहीण, मावशीचं पोर, तर त्याच्यासमोर जाऊन बसा आणि बोला. तुमच्या तोंडात जे असेल ते, तुमच्या भाषेत. मग जरा थांबा, त्यालाही बोलू द्या. ते पहिल्यांदा काही बोलणार नाही. रडेल, चावेल. तरी बसा. आणि हे काम आईचं की बापाचं, आजीचं की शाळेचं, कंपनीचं की सरकारचं, हे ठरायची वाट बघत राहू नका. आमच्या घरी ते अजून ठरतंय.